परक्या पेटीतला ऐवज

जुन्या वस्तूंच्या बाजारात एकोणिसाव्या शतकातल्या वर्तमानपत्राचा सुटा अंक आला, की गिऱ्हाइकाचे दोन प्रश्न ठरलेले असतात : केवढ्याला देता, आणि काचेच्या चौकटीत शोभेल का? आत काय छापले आहे, हे सहसा कोणी विचारत नाही. खरा भाव मात्र तिथेच दडलेला असतो.

‘ज्ञानोदय’चेच पाहा. अमेरिकन मराठी मिशनने जून १८४२ मध्ये अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, हे पत्र सुरू केले. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाल्याला तेव्हा दहाच वर्षे झाली होती. ‘ज्ञानोदय’ हे प्रॉटेस्टंट पाद्र्यांचे पत्र. ख्रिस्ती धर्माचा प्रसार हा त्याचा उघड हेतू. आपल्या देवाधर्मावरची त्यातली टीका आजही झोंबेल अशी आहे. त्या काळी तर विष्णुबुवा ब्रह्मचारी १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनारी पाद्र्यांशी जाहीर वाद घालीत होते. तेव्हा असा अंक एखाद्या जुन्या पेटीत निघाला आणि घरचे म्हणाले, ‘हे आपले नव्हे, रद्दीत टाका,’ तर त्यात नवल वाटू नये.

पण टाकण्याआधी पाने उलटावीत. १८५५ साली याच ‘ज्ञानोदय’मध्ये, १५ फेब्रुवारी आणि १ मार्चच्या अंकांत, मुक्ता नावाच्या मुलीचा निबंध छापून आला. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकणारी ही मातंग समाजातली मुलगी. विषय होता मांग-महारांचे दुःख. ज्यांना वेदांचा अधिकार नाही त्यांचा धर्म कोणता, असा थेट सवाल तिने केला. दलित स्त्रीच्या आरंभीच्या लेखनात हा निबंध आज गणला जातो. तो आपल्यापर्यंत आला, कारण पाद्र्यांनी तो छापला आणि कोणीतरी ते अंक जपले. त्यांचा हेतू काही असो, मुक्ताचे शब्द मुक्ताचेच आहेत.

आम्हा हिंगोलीकरांना तरी हे नवे वाटू नये. आमच्या जिल्ह्यातले नर्सी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. आपल्या माणसाची वाणी पंजाबातल्या लोकांनी माथ्यावर घेऊन सांभाळली. आपला ऐवज कधी कधी दुसऱ्याच्या घरी सुखरूप राहतो. मग दुसऱ्याचा म्हणून आलेला कागद आपण इतक्या सहज का फेकावा? जपणे म्हणजे पटणे नव्हे.

उलट बाजूने, केवळ हौसेने जमवणेही पुरेसे नाही. माझी उमेद बँकेच्या लेजरांत गेली. लेजरमधून एक पान फाडून चौकटीत लावले, तर त्या पानालाही अर्थ उरत नाही आणि खातेही तुटते. वर्तमानपत्राचे तसेच आहे. मुक्ताच्या निबंधाचा पहिला भाग एकाच्या दिवाणखान्यात आणि दुसरा दुसऱ्याच्या कपाटात गेला, तर संग्राहक दोन होतील, निबंध मात्र एकही राहणार नाही. बांधीव वर्ष फोडून सुटे अंक विकणाऱ्याला म्हणूनच मी व्यापारी म्हणेन, संग्राहक म्हणणार नाही.

कागदाचा धीर आपल्याला वाटतो त्याहून मोठा असतो. त्या सुमारास कागद बहुधा चिंध्यांच्या लगद्यापासून होई. तो पुढच्या काळातल्या लाकडी लगद्याच्या कागदाइतका लवकर पिवळा पडून भुगा होत नाही. त्याला खरी भीती ओल, वाळवी आणि आपल्या उत्साहाची. चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन करू नये, घड्या घालू नयेत. स्वच्छ सुती कापडात सपाट ठेवावा. प्रत्येक पानाचे छायाचित्र काढावे. अंक कोणत्या गावी, कोणत्या घरी मिळाला, याची चिठ्ठी सोबत ठेवावी. आणि जमल्यास तो मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या जुन्या संस्थेला दाखवावा. तिथे त्याला त्याचे मागचेपुढचे अंक भेटण्याची शक्यता असते.

येत्या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची पेटी उघडाल, तेव्हा रद्दीवाल्याच्या तराजूआधी अर्धा तास वाचनाला द्या. किलोचा भाव कधीही मिळेल. मुक्तासारखी एखादी मुलगी पुन्हा मिळणार नाही.