पाठांतर आणि पाय

गेल्या पंधरवड्यांतील गोष्ट. सहामाही परीक्षा जवळ आली म्हणून आमच्या सूनबाईंनीं पांचवींतल्या नातवाचें अंगणांत खेळणें बंद केलें. पोर ओसरीवर वही घेऊन बसलें खरें, परंतु तासाभरांत अपूर्णांकांचें एकच उदाहरण तीनदां चुकलें. "मामंजी, तुम्हीच त्याला दोन शब्द सांगा," असें सूनबाई म्हणाल्या, तेव्हां मला माझीच मास्तरकी आठवली. मॅट्रिकचें वर्ष आलें कीं खेळाचा तास गणिताला देणारा मास्तर मीच होतों. हाताची घडी घालून स्तब्ध बसलेला वर्ग पाहून मला धन्यता वाटे! त्यांतील किती मुलें ऐकत होतीं, हें मीं कधीं पाहिलें नाहीं.

वास्तविक आपल्या परंपरेनें शरीर व स्मृति ह्यांची अशी फारकत केलेली नाहीं. शुक्ल यजुर्वेदी पाठशाळेंत विद्यार्थी हस्तसंचालनानें स्वर दाखवीत मंत्र पाठ करितो. आमचा बुलढाणा ज्या वऱ्हाडांत मोडतो, त्याच वऱ्हाडांत, अमरावतीस, वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापिलें. त्याच्या चमूनें १९३६ सालीं बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं कबड्डीचें प्रात्यक्षिक केलें. एवढें असून आम्हां शिक्षकांनीं आखाडा एकीकडे ठेविला व अभ्यास दुसरीकडे.

अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठांत ९-१० वर्षांच्या मुलांस २० मिनिटें चालविल्यानंतर त्यांचें अवधान व वाचन स्वस्थ बसल्या वेळेपेक्षां सरस ठरलें, असें २००९ सालीं प्रसिद्ध झालें. पुढच्याच वर्षीं तेथील दुसऱ्या अभ्यासांत असें दिसलें कीं, अधिक दमदार मुलांच्या मेंदूंतील स्मरणाशीं निगडित भागही मोठा होता. पळण्यानेंच तो वाढला असें मात्र एवढ्यावरून म्हणतां येत नाहीं. अशा बातमीचा आपल्याकडे लगेच चमत्कार होतो, म्हणून हें सांगितलें. पण आट्यापाट्या खेळणारें मूल पाहावें. प्रतिपक्ष्याची चाल ओळखणें, स्वतःची धाव आवरणें, क्षणांत बेत बदलणें, हें सारें पायांनीं चाललेलें मेंदूचेंच काम होय. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांस रोज सरासरी ६० मिनिटें, श्वास जलद होईल अशी हालचाल सांगते. मुलींसही तितकीच, त्यांची फुगडी मंगळागौरीपुरती राखून ठेवूं नये.

त्या सायंकाळीं नातवास अर्धा तास सोडला. परतला तो गुडघा खरचटूनच. उदाहरण सुटलें, पहिल्या खेपेस नव्हे, दुसऱ्या. गुडघ्यास हळद लावावी लागली, त्याबद्दल सूनबाईंची नाराजी अद्याप आहे.