कोचीला जाल तर किनारा टाळू नका



आमच्या महिला मंडळाची सहल यंदा कोचीला न्यायचं ठरलं. मी गेल्या वर्षी आमच्या ह्यांच्याबरोबर आणि नातीबरोबर जाऊन आले होते, म्हणून काय काय बघायचं याची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. मी यादी ग्रुपवर टाकली आणि तासाभरात उत्तरं आली. "ताई, तो किनारा नको. मासळीचा वास असतो, डोळ्यांसमोर जाळी ओढतात. आपण धर्मनाथांचं दर्शन घेऊ, खरेदी करू आणि सरळ मुन्नार गाठू."

मला वाईट वाटलं. राग म्हणत नाही, कारण पहिल्या दिवशी मीही नाकाला पदर लावूनच चालले होते. पण हे मत मला पटत नाही, आणि का पटत नाही ते ग्रुपवरच्या दोन ओळींत मावणार नाही. म्हणून आज इथं सविस्तर लिहिते. ज्यांना जायचं आहे त्यांना माहितीही मिळेल.

आधी व्यवहाराचं. आमच्या भागातून जायला मिरजेवरून पूर्णा एक्सप्रेस थेट एर्नाकुळमला जाते, पण आठवड्यातून एकदाच. तेव्हा तिकीट आधी आणि बाकी सगळं नंतर ठरवा. एर्नाकुळम हे नवं शहर, तर फोर्ट कोची आणि मट्टनचेरी ही जुनी वस्ती पाण्यापलीकडे आहे. रिक्षानं वळसा घालून जाण्यापेक्षा बोटीनं जा. २०२३ पासून विजेवर चालणारी वॉटर मेट्रो सुरू झाली आहे. स्वच्छ आहे, गुडघे दुखणाऱ्यांनाही चढता-उतरता येतं. शुक्रवार-शनिवार टाळा. मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद असतो आणि ज्यू लोकांचं सिनेगॉग शनिवारी.

जेवणाचं म्हणाल तर घाबरू नका, पण विचारत राहा. अवियल नावाची मिश्र भाजी दिसायला सात्त्विक, पण तिच्यात सुरण असतोच असतो. सांबारात बटाटा, गाजर. पांढरा भोपळा आणि चवळी नारळाच्या दुधात शिजवून ओलन करतात, ते आपल्याला चालण्यासारखं. इडियप्पम म्हणजे शेवयाच. कांदा-लसूण नको हे मात्र आधी सांगायचं. सूर्यास्तापूर्वी जेवायचं असेल तर पाच वाजताच हॉटेलात शिरा, कारण ऑर्डर दिल्यावर ताट यायला वेळ लागतो. आमची एक दिवस दशम्यांवर रात्र गेली, तेव्हा डबा जवळ असू द्या.

आता बघण्याचं. सेंट फ्रान्सिस चर्च १५०३ साली पोर्तुगीजांनी आधी लाकडाचं बांधलं, मग पक्कं केलं. वास्को द गामा १५२४ मध्ये कोचीतच वारला आणि इथंच पुरला गेला. पुढं त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले, पण जागा अजून दाखवतात. मट्टनचेरीचा राजवाडा पोर्तुगीजांनी राजाला बांधून दिला, नंतर डचांनी दुरुस्त केला, म्हणून आज नाव डच पॅलेस. आतल्या भिंतींवर सगळं रामायण रंगवलेलं आहे. शेजारी १५६८ चं सिनेगॉग, जमिनीला चीनमधून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा. फरशांवर हातानं चित्रं काढलेली आहेत. ज्यू मात्र बहुतेक सगळे इस्रायलला निघून गेले.

त्याच गल्ल्यांमध्ये मिरीचा वास येतो. मी कॉमर्सची, त्यामुळं मला इथं सगळ्यात जास्त रमायला झालं. वायदेबाजार आम्ही पुस्तकात शिकलो, पाठ केला आणि पेपरात लिहिला. मिरीचा वायदेबाजार १९५७ पासून इथं मट्टनचेरीत भरत होता. दलाल ओरडून सौदे करायचे. आता तो आवाज बंद झाला, पण गोदामं आहेत, पोती आहेत.

चेरलाई भागात कोकणी लोकांचं तिरुमल देवस्थान आहे. पोर्तुगीजांच्या काळात गोवा सोडून आलेली ही माणसं. एका पापडवाल्या आजींशी मी मराठीत आणि त्या कोकणीत बोलल्या, आणि उडीद, मीठ, ऊन एवढ्यावर आमचं अर्धा तास छान चाललं. याच कोचीतल्या तीन कोकणी वैद्यांनी वनस्पतींची माहिती दिली म्हणून डच अधिकारी व्हॅन रीडचा 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ पुरा झाला. त्यात त्या वैद्यांचं निवेदन नागरी लिपीत छापलं आहे.

आणि गुजराती रोडवर आपलं धर्मनाथ मंदिर. पंधरावे तीर्थंकर. १९०४ चं, पांढरंशुभ्र. आमची दिगंबर परंपरा, हे श्वेतांबर, पण दर्शनाला काय अडतं? दुपारी बाराच्या सुमाराला कबुतरांना दाणे घालतात आणि सगळं अंगण पंखांनी भरून जातं. तिथं डोळे भरून आले, हे खरं.

पण त्याच दिवशी सकाळी आम्ही किनाऱ्यावर होतो. तिथली चिनी जाळी म्हणजे बांबू आणि सागाच्या मोठाल्या दांड्यांवर टांगलेली झोळी. मागच्या बाजूला दोरांना दगड बांधलेले असतात. वजनाच्या तोलानं जाळं पाण्यात उतरतं, आणि वर ओढायला चार-पाच माणसं लागतात. आमच्या टूरवाल्यानं दिलेल्या माहितीपत्रकात लिहिलं होतं, "कोळ्यांबरोबर जाळं ओढण्याचा अनुभव चुकवू नका." पैसे दिले की ते दोर हातात देतात आणि आपला फोटो निघतो. नात पळत गेली. मी तिला थांबवलं. ती रुसली. म्हणाली, "आजी, मी नाही ओढलं तरी ते ओढणारच आहेत ना?"

प्रश्न बरोबर होता. मला लगेच उत्तर आलं नाही. मंदिराच्या अंगणात बसल्यावर आलं.

मासेमारी आपल्या धर्माला मान्य नाही, त्यात मी कुठलीही सवलत मागत नाही. पण आपल्याकडे अनर्थदंड असाही शब्द आहे. गरज नसताना, उगाच केलेली हिंसा. तो दोर ओढणारा माणूस पोटासाठी ओढतो. त्यानं आमच्या ह्यांना हिंदीत सांगितलं, की आता पूर्वीसारखी मासळी लागत नाही, कधीकधी दहा वेळा जाळं वर काढून चार बोटांएवढे मासे. मग फोटोचे पैसेच कामाला येतात. त्याच्याकडे निदान पोटाचं कारण आहे. फोटोसाठी दोर धरणाऱ्याकडे काय आहे? कृत, कारित आणि अनुमोदना हे आपण लहानपणापासून म्हणतो. करमणुकीसाठी पैसे देऊन दोर ओढला तर तिन्ही एकदम घडतात. नातीला मी हे सोप्या शब्दांत सांगितलं. तिला किती पटलं माहीत नाही, पण तिनं दुसऱ्या दिवशी दोर मागितला नाही.

तेव्हा माझं मत असं. जाळं ओढू नका. पण तिथं जाऊच नका, तोंड फिरवा, हेही मला चूक वाटतं. आपले गुजराती व्यापारी कोचीला आले ते या बंदरामुळं. त्यांचा माल गलबतांवर चढवणारे, गलबतं हाकणारे हात कोणाचे होते? कबुतरांना दाणे घालणारी पेढी ज्या पाण्यावर उभी राहिली, त्याच पाण्यावर ती जाळी उभी आहेत. जमेची बाजू आपली आणि नावेची बाजू दुसऱ्याची, असा ताळेबंद मला कॉलेजात कोणी शिकवला नाही. नाक दाबून चालणं म्हणजे अहिंसा नाही. त्यात त्या माणसाचा अपमान होतो, आणि अपमान हीसुद्धा हिंसाच.

अनेकांतवाद आपण प्रवचनात ऐकतो. कोचीत तो पायी फिरून कळतो. एका दुपारी चर्च, सिनेगॉग, कोकण्यांचं देऊळ आणि आपलं मंदिर, सगळं चालत होतं. कोणी कोणाला पुसून टाकलेलं नाही.

वेळ असेल तर एक दिवस पेरुंबावूरकडच्या कल्लिलला द्या. माहितीपत्रकात ते नसतं. मोठ्या खडकातलं ते देऊळ एके काळी जैनांचं होतं. आत पार्श्वनाथ आणि महावीरांच्या मूर्ती आहेत. पद्मावतीमातेला आज तिथले लोक भगवती म्हणून पूजतात. आपण तिथून निघून गेलो, त्यांनी दिवा लावायचं सोडलं नाही. मला तरी तिथं हात जोडताना परकं वाटलं नाही.

तर मंडळातल्या मैत्रिणींनो, यादीतून किनारा काढू नका. सकाळी लवकर जा, ऊन कमी असतं. फोटोसाठी दोर धरू नका. त्या माणसांशी दोन शब्द बोला, कसं चाललंय विचारा. द्यायचे असतील तर पैसे तसेच द्या. मग बाराच्या आत मंदिरात या, दाणे घालायला.

आणि हो, मिरी मट्टनचेरीतूनच घ्या. अर्धा किलो पुरते. मी दोन किलो आणली, अजून संपतेय.