दाखला नसलेले नुकसान

२०२१ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्राच्या शिक्षण खात्याने एक हिशेब केला. शाळा बंद, त्यामुळे खिचडी शिजत नाही. तेव्हा सुट्टीतल्या ३५ दिवसांच्या पोषण आहाराचे पैसे थेट मुलांच्या बँक खात्यात टाकावेत. आकडा निघाला तो असा: पहिली ते पाचवीच्या मुलाला १५६ रुपये, सहावी ते आठवीच्या मुलाला २३४. त्यासाठी मुलाच्या नावाने खाते हवे, खात्यासाठी आधार हवे, फोटो हवा, बँकेत खेटे हवेत. एका दिवसाचा रोज बुडवून रांगेत उभे राहायचे तर १५६ रुपये तिथेच संपतात, हे कोणताही मजूर तोंडी हिशेबाने सांगू शकला असता. पण खात्याने त्याला विचारले नाही.

करोनाकाळात गरिबांच्या मुलांकडे सरकारने अजिबात पाहिले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. मात्र कागद दाखवील त्याच मुलाकडे पाहिले. मे २०२१ मध्ये केंद्राने दोन्ही पालक गमावलेल्या मुलांसाठी योजना जाहीर केली; वयाच्या २३ व्या वर्षी १० लाख रुपये. पाठोपाठ राज्याने अशा मुलांच्या नावे ५ लाखांची ठेव ठेवायचे ठरवले. एकच पालक गेला असेल तर बालसंगोपन योजनेतून महिना ११०० रुपये, जे पुढे २२५० झाले. यात वावगे काही नाही, उलट एकल मातांच्या पदरात आणखी पडायला हवे होते. पण मृत्यूने पोरकी झालेली मुले हजारांत मोजता येतात. ज्यांचे आईबाप वाचले आणि रोजगार तेवढा गेला, त्यांची गणती लाखांच्या खाली येत नाही. बाप वारल्याचा दाखला ग्रामपंचायत देते. बापाचे काम सुटल्याचा दाखला कोण देतो? दाखला नाही म्हणून यादी नाही, आणि यादी नाही म्हणून अंदाजपत्रकात ओळ नाही.

जगभरचे आकडे युनिसेफने डिसेंबर २०२१ मध्ये मांडले: साथीमुळे आणखी सुमारे १० कोटी मुले बहुआयामी दारिद्र्यात गेली. त्याआधी जूनमध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने युनिसेफबरोबर सांगितले होते की २०२० च्या सुरुवातीलाच बालमजुरांची संख्या १६ कोटी आहे. दोन दशके हा आकडा उतरत होता, तो चढू लागला होता, आणि साथीचा भार त्यावर पडायचा बाकी होता.

हे घडते कसे, ते पाहायला बीड जिल्ह्याच्या बाहेर जावे लागत नाही. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आगाऊ पैशांची उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत फड सुटत नाही. आईबाप साखर कारखान्याच्या भागात गेले तरी मूल गावात आजीपाशी राहावे, त्याला दोन वेळा जेवण मिळावे आणि शाळा चुकू नये, यासाठी हंगामी वसतिगृहांची सोय केलेली. २०२० च्या दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघाल्या तेव्हा खालच्या वर्गांच्या शाळाच बंद होत्या. मग वसतिगृह कुठले? लेकराला मागे ठेवायला कारणच उरले नाही. बारा-तेरा वर्षांचा मुलगा फडावर बसून राहत नाही. तो वाढे बांधतो, मोळ्या गाडीपर्यंत पोचवतो. मुलगी धाकट्याला सांभाळते आणि कोपीत भाकरी थापते. मोबाइलवरची शाळा त्यांच्यासाठीही भरत होती म्हणे. घरातला एकुलता एक फोन मात्र बापाच्या खिशात, मुकादमाचा निरोप येईल म्हणून.

त्यातच लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आली. ज्याला कर्ज काढून मांडव घालायचा होता त्याचा खर्च एकदम आवाक्यात आला. शाळा बंद, मुलगी घरात आणि स्वस्तात लग्न उरकण्याची सरकारमान्य सबब. शिवाय लग्न लागले की नवा कोयता तयार होतो आणि नव्या कोयत्याला नवी उचल मिळते. या हिशेबाला कोणी क्रूर म्हणेल, पण डोक्यावर जुनी उचल असलेल्या माणसाला दुसरा हिशेब कोणी करून दिला होता?

राज्यातले बार आणि उपाहारगृहे ५ ऑक्टोबर २०२० ला उघडली. पहिली ते चौथीचे वर्ग उघडायला १ डिसेंबर २०२१ उजाडले, आणि जानेवारीत ते पुन्हा मिटले. महसूल कुठून येतो हे सरकारला पक्के ठाऊक असते. मधल्या काळात, जून २०२१ मध्ये, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना मंजूर झाली. निर्णय चांगला, पण आला तो शाळांना कुलूप असताना.

साथच एवढी मोठी होती, कोण काय करणार, हा युक्तिवाद ब्राझीलने खोटा पाडला. तिथल्या सरकारचा करोनाबाबतचा कारभार कोणी नमुना म्हणून दाखवणार नाही. तरीही एप्रिल २०२० पासून त्याने असंघटित कामगारांना महिना ६०० रियाल दिले, एकट्या आईला दुप्पट. त्या वर्षी साथीच्या ऐन भरात तिथले दारिद्र्य कमी झाले. पुढच्या वर्षी मदत आधी थांबली, मग आटून परतली आणि दारिद्र्य पुन्हा वाढले. आपल्याकडे जनधन खाते असलेल्या बाईला महिना ५०० रुपये मिळाले, तेही तीनच महिने. माणशी पाच किलो मोफत धान्याने अनेक घरांची चूल विझू दिली नाही, हे मान्यच आहे. पण धान्याने उचल फिटत नाही, शाळेची फी भरली जात नाही. त्या दोन वर्षांत खासगी शाळांतून सरकारी शाळांकडे मुलांचा लोंढा आला, तो गुणवत्तेच्या ओढीने आला नव्हता.

आता सगळे सावरले असे सांगितले जाते. देशातले बहुआयामी दारिद्र्य २४.८५ टक्क्यांवरून १४.९६ टक्क्यांवर आले, असे नीती आयोगाने जुलै २०२३ मध्ये जाहीर केले. त्याचा आधार राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी, आणि महाराष्ट्रातली तिची पाहणी टाळेबंदीआधीच उरकली होती. म्हणजे आपल्या राज्याच्या ज्या आकड्यावर समाधान मानायचे, त्यात साथीचा एकही दिवस नाही. जनगणना २०२१ ची, तीही लांबली. मोठे माणूस दोन वर्षांनी पुन्हा कामाला लागले की त्याचे उत्पन्न पूर्वपदावर येते. तेराव्या वर्षी शाळा सुटलेला मुलगा पंधराव्या वर्षी सातवीत परतत नाही. जुलै २०२२ मध्ये राज्याने अशा मुलांचा शोध घेतला, पंधरा दिवस.

शोधायला घरोघर फिरण्याचीही गरज नाही. २०१९-२० साली सातवीच्या पटावर असलेल्या मुलांची नावे शिक्षण खात्याच्या ‘सरल’ प्रणालीत आहेत. त्यातली किती मार्च २०२३ च्या दहावीच्या परीक्षेला बसली, ते तालुकानिहाय जाहीर करावे. सुरुवात त्या ४१ तालुक्यांपासून करावी.