आधी चुन्याची बादली खाली ठेवा

शब-ए-बरातच्या आदल्या दिवशी आमच्या मोहल्ल्यातली पोरं चुन्याच्या बादल्या घेऊन कब्रस्तानात उतरतात. गवत निघतं, कचरा जळतो आणि मग दिसेल त्या दगडावर चुना फासला जातो. लहानपणी मीही फासला आहे. यंदा नळावर पाय धुताना पायाखालचा दगड वेगळा वाटला. काळा पाषाण, कडेला झिजलेली फारसी अक्षरं. कुणाच्या तरी उशाचा कुतबा काढून आम्ही त्याची पायरी केली होती. समितीतल्या एका बुजुर्गांना दाखवला, तर ते म्हणाले, "सर, मय्यत रखने को जागा नै, तुम पत्थरां लेके बैठे."

त्यांचं म्हणणं खोटं नाही. सोलापूर वाढलं, कब्रस्तान तेवढंच राहिलं. पण मी जागा मागतच नाही. फोटोला जागा लागत नाही. नवी कबर खोदण्याआधी जुन्या दगडाचा फोटो काढा, लांबी-रुंदी मोजा, मजकूर वहीत उतरवा आणि दगड भिंतीला टेकवून ठेवा. एवढंच.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, म्हणून त्या दगडात काय असतं ते थोडं सांगतो. आपण रिक्षावर ७८६ लिहितो, ती बिस्मिल्लाहच्या अक्षरांची बेरीज आहे. अबजदच्या हिशेबात अलिफ १, बे २, जीम ३, दाल ४ अशी प्रत्येक अक्षराला किंमत असते. जुन्या कुतब्यांवर मृत्यूचं साल पुष्कळदा असंच एखाद्या मिसऱ्यात दडवलेलं असतं. बेरीज करा, हिजरी साल निघतं. या हिशेबात गैनची किंमत १०००. म्हणजे चुन्याखाली एक गैन बुजला की हजार वर्षं गेली. आपल्या भागात पुरुषाच्या कबरीवर कलमदानासारखा उंचवटा आणि बाईच्या कबरीवर सपाट तख्ती ठेवण्याचा रिवाज होता. वर सिमेंटचा गिलावा चढला की तिथं पुरुष झोपलाय की बाई, हेही कळेनासं होतं.

हे मी दुसऱ्याला शहाणपण शिकवायला लिहीत नाही. अब्बांच्या दादांच्या कबरीवरचा दगड आमच्याच घरानं काढला. वर चकचकीत ग्रॅनाइट बसवलं, त्यावर मशीननं नाव कोरून घेतलं. जुना दगड कुठं गेला ते कुणी विचारलं नाही. मी तेव्हा बीएड झालेला माणूस होतो, मीही नाही विचारलं.

काही जण मला दीन समजावतात. कबर पक्की करू नये, तिच्यावर बांधकाम करू नये, ही हजरत जाबिर यांची रिवायत सहीह मुस्लिममध्ये आहे. मान्य. मी कुठं बांधा म्हणतोय? मग दर्ग्यादर्ग्यावर चढलेल्या टाइल्स, स्टीलचे कठडे आणि हिरवा ऑइलपेंट कोणत्या रिवायतीत बसतो? बांधायला मनाई आहे; वाचायला आणि लिहून ठेवायला मनाई कुणी केली?

लिहिलेलं टिकलं तर काय होतं, ते शंभर किलोमीटरवर विजापुरात जाऊन बघा. इब्राहिम रोजा उभारणाऱ्या मलिक संदलचं नाव आज आपण घेतो, कारण ते तिथं दगडात आहे. आणि अहमदनगरला शाह डोंगरावर? ती तीन मजली अष्टकोनी इमारत निजामशाहीचा वजीर सलाबतखान याची कबर आहे. सगळा जिल्हा तिला 'चांदबीबीचा महाल' म्हणतो. लोक सहलीला जातात, डबे खातात, चांदबीबीचे किस्से सांगतात. खाली झोपलेल्या माणसाचं नाव बहुतेकांच्या गावीही नसतं.

इंग्रजांनी आपल्या मढ्यांची नोंद केली. निजामाच्या राज्यातल्या थडग्यांवरच्या लेखांची क्रॉफ्टनची यादी १९४१ मध्ये पुस्तकरूपानं आली. १९७६ पासून त्यांची एक संस्था फक्त दक्षिण आशियातल्या युरोपीय दफनभूमींच्या नोंदी करत आली आहे. राज्य गेलं तरी यादी सोडली नाही. आपण इथंच आहोत, रोज दफन करतोय, आणि आपल्याकडं एक वही नाही.

मार्च २०२५ मध्ये औरंगजेबाची कबर उखडा म्हणून हाक उठली, नागपुरात दंगल झाली, खुलताबादेत कबरीभोवती पत्रे लागले. त्याच खुलताबादेत मलिक अंबर झोपला आहे, उभा जन्म मोगलांशी झुंजलेला. १६२४ ला भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूनं होते. टीव्हीवर ओरडणाऱ्यांना हे नको आहे, ते समजू शकतो. पण आपल्यातले किती जण तिथं उरसाला जाऊन अंबरच्या कबरीकडं न वळता परत येतात? एका कबरीवरून महाराष्ट्रातल्या सगळ्या कबरींचा हिशेब लावला जातो, कारण बाकीच्यांचा हिशेब आपणच ठेवलेला नाही.

आणि हा नुसता इतिहासाचा शौक नाही. २०२५ च्या दुरुस्तीनं 'वापरातून वक्फ' ही वाट पुढच्यासाठी बंद केली. आधी नोंदलेल्या जागांनाही वादातली किंवा सरकारी जमीन असेल तर सूट नाही. जुन्या कब्रस्तानाला खरेदीखत कुठून असणार? पिढ्यान्‌पिढ्या दफन होत आलं, हाच त्याचा कागद. त्या कागदावरची तारीख दगडावर आहे आणि तिच्यावर आपण दरवर्षी चुना मारतो. मोर्चात हात वर करणारे किती तरी जण आदल्या महिन्यात बादली धरून उभे होते.

१९९० साली पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन याच सोलापुरात भरलं. आपण याच मातीतले आहोत, हे आपण तेव्हा मराठीत ठणकावून सांगितलं. त्या मातीतली नावं उतरवून घ्यायला मात्र अजून कुणाला सवड झालेली नाही.

काम अवघड नाही. तारेचा ब्रश आणि अॅसिड लावू नका. पाणी आणि मऊ ब्रश पुरे. अक्षर दिसत नसेल तर संध्याकाळी एका बाजूनं तिरपी बॅटरी मारा, झिजलेल्या रेषा सावलीत उठतात. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो घ्या. वाचता आलं नाही तर पुरातत्त्व खात्याची अरबी-फारसी शिलालेखांची शाखा नागपुरातच आहे, पाठवा.

नळाजवळचा दगड हलवायला समितीनं परवानगी दिली नाही, फोटो काढायला दिली. गेल्या जुम्याला असरनंतर नववीतली चार पोरं घेऊन गेलो. दोन शब्द लागले: 'बिन्त', म्हणजे मुलगी, आणि त्यापुढं अर्धं नाव. साल असलेली ओळ पायांनी घासून गेली आहे. पोरांनी दगडावर पोतं टाकलं. पुढच्या जुम्याला मोठी बॅटरी आणणार आहेत.