पेटी फक्त शिव्यांची

मोबाईलवर निमंत्रण आलं. माजी विद्यार्थी स्नेहमेळावा, 1998-99 ची दहावी. चला, पुन्हा बाकावर बसू! खाली गुलाबाची फुलं. वर्गणी हजार रुपये, फेटा मोफत.

दोस्तहो, वाशिम जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची ही शाळा. नाव सांगत नाही. तुमच्या शाळेचं नाव घाला, फरक पडणार नाही.

1 जुलै 1998 ला अकोल्यातून तोडून वाशिम जिल्हा वेगळा झाला. लोक म्हणाले, आता कलेक्टर जवळ, कचेरी जवळ. म्हणजे न्यायही जवळ. त्याच पावसाळ्यात आमच्या शाळेत मंत्रिमंडळ बनलं. मतदान? छट्! हेडमास्तरांनी प्रार्थनेनंतर यादी वाचली. मुख्यमंत्री : पाटलाचा पोरगा. सांस्कृतिक मंत्री : वकिलाची पोरगी. पाणीमंत्री : किराणावाल्याचा. स्वच्छतामंत्री : मी.

सगळं मैदान हसलं. बाप मात्र खूश. पोरगा मंत्री झाला! मायनं विचारलं, "कायचा मंत्री रे?" म्हटलं, "स्वच्छतेचा." माय काही बोलली नाही. तिनं जन्मभर लोकांची आंगनं झाडली होती. ते खातं घरात आधीपासूनच होतं. मला ते वारशानं मिळालं, एवढंच.

आणि पाणीमंत्री? त्याचं काम माठाजवळ उभं राहायचं. मी गेलो की म्हणायचा, "थांब बे, मी वाढतो." ओगराळं त्याच्या हातात, ओंजळ माझी. 1927 साली बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्याले. 71 वर्षांनी शाळेच्या माठावर पहारा होता आणि त्या पहाऱ्याला मंत्रिपद म्हणत होते!

मग जानेवारीत गॅदरिंग. खुर्च्या आम्ही मांडल्या, सतरंज्या आम्ही झटकल्या. नाटकात राजा त्यांचा, सरदार त्यांचे. आमच्याकडे पडद्याची दोरी. शेवटी फिशपाँड. स्टेजच्या कोपऱ्यात रंगीत कागदानं मढवलेला खोका, वर फट. ज्याला जे लिहायचं ते लिहा, नाव घालू नका. सर माईकवर चिठ्ठी वाचणार, ज्याच्यावर असेल त्यानं उभं राहायचं आणि हसायचं. माझ्यावर आली : 'सरकारचा जावई, फुकटचं खाई.' स्कॉलरशिपवर होती ती. सरांनी दोनदा वाचली. मी उभा राहिलो. हसलो. त्या हसण्याची लाज आजही जात नाही.

आता नीट बघा. त्या शाळेत पेटी नव्हती असं नाही. पेटी होती. फट होती. चिठ्ठी होती. गुप्तता होती. लोकशाहीचं सगळं सामान तयार होतं. फक्त ते मतासाठी वापरायचं नव्हतं, शिवीसाठी वापरायचं होतं. मंत्री उघड नेमायचे आणि जात गुप्तपणे काढायची! हे शाळेत शिकवलं जातं, सरांच्या देखत, माईक लावून. वर म्हणतात, "गंमत आहे रे, मनावर घेऊ नये." आमच्या मनाला काय कातडं नाही?

कॉलेजात गेलो तर तीच यादी मोठ्या अक्षरात. 1989 साली मुंबईत निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. गुंडगिरी नको म्हणून 1994 च्या विद्यापीठ कायद्यानं खुल्या निवडणुकाच संपवल्या. ज्याला मार्क जास्त तो वर्गप्रतिनिधी. लोकसभेच्या निवडणुकीतही खून पडतात. म्हणून मॅट्रिकच्या मार्कांवर खासदार नेमा असं कुणी म्हणतं का? 2016 च्या कायद्यानं निवडणूक परत दिली. 2019 साली तारखा ठरल्या, तर विधानसभेची निवडणूक आडवी आली म्हणून पुढं ढकलली. विधानसभा भरली. पोरांची पेटी त्या वर्षी उघडलीच नाही.

नेमलेला आणि निवडलेला यातला फरक बाबासाहेबांइतका कुणाला कळला होता? ते स्वतः मुंबई कायदेमंडळात सरकारनियुक्त होते. तरी 1928 साली सायमन कमिशनसमोर त्यांनी मागणी केली : नेमणूक नको, निवडून द्यायचा हक्क हवा, प्रत्येक प्रौढाला मत हवं. कारण नेमलेला माणूस नेमणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो. मीही वर्षभर हेडमास्तरांच्या तोंडाकडे बघत झाडू धरला.

आणि वरच्यांनाही मताची किंमत कळते बरं का! डिसेंबर 2015 मध्ये हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठानं पाच दलित विद्यार्थ्यांना होस्टेलबाहेर काढलं. त्याच शिक्षेत विद्यार्थी संघाच्या निवडणुकीत भाग घ्यायलाही बंदी घातली. 17 जानेवारी 2016 ला त्यांच्यातला रोहित वेमुला गेला. खोली काढून घेताना मतही का काढून घेतात? तुम्हीच विचार करा.

गॅदरिंगच वाईट, असं मी म्हणत नाही. औरंगाबादच्या मिलिंद कॉलेजच्या पोरांनी प्राचार्य म. भि. चिटणीसांचं 'युगयात्रा' रंगमंचावर आणलं, तेव्हा आमचीच माणसं आमचाच इतिहास बोलत होती. स्टेज तेच असतं. पडद्याची दोरी ओढणारा कोण आणि बोलणारा कोण, एवढाच सवाल आहे.

पुण्या-मुंबईत राहणाऱ्या माझ्या दोस्तांनो, तुम्हालाही निमंत्रणं येतील. मोर्च्यात आपण घसा फोडतो आणि मेळाव्यात फेटा बांधून त्याच सरांच्या पाया पडतो. वर सेल्फी काढतो. हे बंद करा. जा जरूर. पण आजच्या दहावीच्या पोरांना विचारा : मंत्री कुणी निवडला? माठावर कोण उभा आहे? झाडू कुणाच्या हातात आहे? उत्तर मिळेपर्यंत स्टेजवरून उतरू नका.

मी जाणार आहे. हजार रुपये भरणार नाही, फेटाही बांधणार नाही. एक खोका नेणार आहे. फट पाडलेला, कागद न लावलेला. हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवीन आणि म्हणेन, सर, यात आता नावं पडू द्या.

जयभीम.