मासे मारले की माशा?

"काय रे, दोन महिने अमेरिकेत जाऊन मासे मारलेस की माशा?"

सुट्टीवरून परत आल्यावर होस्टेलवर झालेलं माझं स्वागत हे असं! इंटर्नशिपचं सर्टिफिकेट बघायला कोणी तयार नाही. सगळ्यांना बघायचा होता तो मोबाइलमधला फोटो. तोंडभर हसणारा मी आणि दोन्ही हातांत न मावणारा एक रुपेरी मासा. मित्रहो, हा लेख फुशारकी मारायला लिहीत नाहीये (थोडीशी मारणार आहे, तेवढं चालवून घ्या). पण त्या बोटीवर जे पाहिलं त्यावरून आपल्या प्रॅक्टिकल्सबद्दल चार शब्द बोलावेसे वाटतात, म्हणून हा खटाटोप.

तर झालं असं. मिशिगन तलावाच्या काठी मिलवॉकी शहरात माझा मामेभाऊ राहतो. दादा आणि त्याच्या ऑफिसातले चौघं अशांनी मिळून जुलैमधल्या एका रविवारी चार्टर बोट ठरवली होती. सहावी जागा रिकामी होती, ती मला मिळाली. चार्टर म्हणजे बोट, कप्तान, मदतनीस, गळ, दोऱ्या सगळं त्यांचं. आपण फक्त पैसे भरून जायचं. 'अनुभवाची गरज नाही, नवख्यांचं स्वागत' असं जाहिरातीतच लिहिलेलं. मी पडलो सांगलीचा. कृष्णेत पोहलोय भरपूर, पण गळ कधी हातात धरलेला नाही. दादाकडे मासेमारीचं वर्षाचं लायसन्स होतं, माझ्यासाठी दोन दिवसांचं काढलं. (हो, तिथे हौसेनं गळ टाकायलाही लायसन्स लागतं आणि सॅमन-ट्राउट मिळून दिवसाला माणशी पाचच मासे!)

पहाटे पावणेपाचला अंधारातच निघालो. नावाला तलाव, पण क्षेत्रफळ सुमारे ५८,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या केरळपेक्षा मोठा. पलीकडचा काठ दिसण्याचा प्रश्नच नाही. उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं, म्हणून सॅमन खालच्या १०-१३ अंशांच्या गार थरात उतरतात. तिथवर गळ पोचवायची युक्ती मेकॅनिकलवाल्यांनी बघण्यासारखी आहे. पाचेक किलोचा शिशाचा गोळा स्टीलच्या केबलनं खाली सोडतात. याला म्हणतात डाउनरिगर. गळाची दोरी त्या गोळ्याजवळच्या चिमट्यात अडकवलेली असते. बोट माणसाच्या चालीनं पुढे जात राहते, गळाची चकचकीत पट्टी पाण्यात लहान माशासारखी वळवळते. मासा लागला की चिमटा सुटतो, दोरी मोकळी होते आणि वाकलेला रॉड ताडकन सरळ होतो. मग मदतनीस ओरडतो आणि ज्याचा नंबर असेल त्याच्या हातात रॉड येतो.

दादाचा एक मित्र मात्र नाक मुरडत होता. "ही कसली मासेमारी? मासे कुठेत ते कप्तान शोधणार, गळ तो पोरगा लावणार, आपण फक्त हँडल फिरवायचं. आयत्या बिळावर नागोबा!"

त्याचं म्हणणं त्याला वाटत होतं त्याहून जास्त खरं आहे. कारण त्या तलावातले सॅमनसुद्धा आयतेच! मूळचा तिथला मोठा मासा म्हणजे लेक ट्राउट. नायगारा धबधब्याला वळसा घालणाऱ्या वेलँड कालव्यातून लॅम्प्रे नावाचा रक्तपिपासू जीव वरच्या तलावांत शिरला. त्यानं आणि बेसुमार मासेमारीनं १९५० च्या दशकात मिशिगन तलावातला लेक ट्राउट संपवला. मोठा मासा उरला नाही, तेव्हा बाहेरून आलेल्या ॲल्वाइफ नावाच्या छोट्या माशांचं पेव फुटलं. १९६७ मध्ये मेलेल्या ॲल्वाइफचा किनाऱ्यांवर अक्षरशः खच पडला होता. त्यांना खाणारं कोणीतरी हवं, म्हणून मिशिगन राज्याच्या मत्स्य विभागाचे प्रमुख हॉवर्ड टॅनर यांनी ओरेगॉनहून कोहो सॅमनची अंडी आणवली आणि त्यातून वाढवलेली पिल्लं १९६६ मध्ये नद्यांत सोडली. पुढच्याच वर्षी चिनूक जातीचे सॅमन सोडले. अजूनही दरवर्षी पिल्लं सोडतात. विस्कॉन्सिनमध्ये लायसन्सवर सॅमन-ट्राउटसाठी जो वेगळा स्टॅम्प घ्यावा लागतो, त्याचा पैसा याच कामाला जातो. म्हणजे माझ्यासारख्या नवख्याच्या गळाला मासा लागावा म्हणून लोक साठ वर्षं राबताहेत.

मग मी केलं तरी काय? ऐका.

माझा नंबर आला. मदतनीस म्हणजे आपल्याच वयाचा, सुट्टीत काम करणारा कॉलेजचा पोरगा. त्यानं दोनच गोष्टी सांगितल्या. रॉडचं टोक वर ठेव. आणि मासा पळायला लागला की पळू दे, ड्रॅगला हात लावू नकोस. ड्रॅग म्हणजे रिळातला फ्रिक्शन क्लच. ठरावीक ताणापलीकडे तो घसरतो आणि दोरी सोडतो. मशीन डिझाइनमध्ये क्लच आपण सगळ्यांनीच केलाय, टॉर्कचा फॉर्म्युला मला तोंडपाठ होता. पण मासा पळाला, रीळ किंचाळायला लागलं, दोरी सरासरा जाताना दिसली आणि मी घाबरून ड्रॅग आवळला. टक्क! दोरी तुटली. मासा गेला, पट्टी गेली, सगळे गप्प.

तो पोरगा माझ्यापासून हातभर अंतरावर उभा होता. मी ड्रॅग आवळतोय हे त्याला दिसत होतं. रॉड हिसकावून घेतला असता तर मासा आला असता, पण त्यानं घेतला नाही. फक्त विचारलं, "का तुटली?" मी सांगितलं. त्यानं नवी पट्टी बांधली आणि म्हणाला, पुढचाही नंबर तुझाच. फोटोतला सहा किलोचा चिनूक तो. पंधराएक मिनिटं हात भरून आले, पण ड्रॅगला बोट लावलं नाही.

आता आपल्या लॅबकडे येऊ. यूटीएमवर माइल्ड स्टीलचा टेन्साइल टेस्ट आठवतोय? वीसजणांची बॅच मशीनभोवती कोंडाळं करून उभी. तुकडा लावणार लॅबमधले काका, मशीन चालवणार काका, रीडिंग ओरडणार पुढचे दोघं. बाकीचे मागे मेसच्या भाजीवर चर्चा करणार आणि रात्री जर्नल उतरवणार. मी त्या 'बाकीच्यां'मध्येच होतो. पुढे इंटर्नशिपच्या मुलाखतीत विचारलं, "यील्ड आला की मशीनचा काटा काय करतो?" व्याख्या धडाधडा म्हटली. काटा क्षणभर थबकतो हे मात्र सांगता आलं नाही, कारण मी तो पाहिलाच नव्हता!

काकांचा यात दोष नाही. वेळ दोन तास, मशीन लाखांचं, काही मोडलं तर उत्तर त्यांनाच द्यायचं. आणि आयतं मिळालं तर आपल्यालाही हवंच असतं, हे कबूल करू या. पण हिशेब बघा. बोटीवर दहातली नऊ कामं दुसऱ्यांनी केली, लॅबमध्येही नऊ दुसरेच करतात. फरक आहे तो उरलेल्या एका कामाचा. बोटीवर माझ्यासाठी ठेवलं होतं ते चुकण्यासारखं काम. लॅबमध्ये आपल्यासाठी उरतं ते तक्ता भरायचं.

म्हणून सर्व स्टाफला एक नम्र सूचना. प्रत्येक सेमिस्टरला निदान एक प्रॅक्टिकल असं ठेवा, ज्यात तुकडा आम्ही लावू, मशीन आम्ही चालवू. बॅचमागे एक जादा तुकडा वाया घालवायला द्या. (तसाही तो तुटण्यासाठीच असतो!) चुकलो तर मार्क कापण्याआधी 'का चुकलं' एवढं विचारा. काकांवर भार नको म्हणून बी.ई.चे आम्ही चार-पाचजण शनिवारी एस.ई.च्या बॅचला मदतनीस म्हणून उभे राहायला तयार आहोत. दोन्ही हात मागे बांधून!

आणि हो, फोटो बघायचा असेल तर रूमवर या. तुटलेल्या दोरीचा फोटो मात्र काढायचा राहिला.

– बी.ई. (मेकॅनिकल)