‘अदृश्य’ कोण? : कार वॉशवरचा मजूर आणि आपली समीक्षेची भाषा

गेल्या काही वर्षांत आपल्या परिसंवादांत आणि लघुप्रबंधांत ‘अदृश्य’ हा शब्द फारच स्थिरावला आहे. अदृश्य श्रमिक, अदृश्य आवाज, अदृश्य इतिहास. शब्द उच्चारला की वक्त्याची सहानुभूती सिद्ध होते आणि विषयाच्या तपशिलात शिरण्याची गरज उरत नाही. मुळात हा शब्दच खोटा आहे, असे माझे म्हणणे आहे. जो दिसत नाही त्याच्याबद्दल पाहणाऱ्यावर काही जबाबदारी येत नाही. आणि ज्यांना आपण अदृश्य म्हणतो ते बहुतेक वेळा लख्ख उन्हात आपल्या डोळ्यांपुढे उभे असतात. या म्हणण्याच्या पुष्ट्यर्थ एकच उदाहरण घेतो : अमेरिकेतल्या, विशेषतः लॉस एंजेलिस परिसरातल्या कार वॉशवर काम करणारा स्थलांतरित मजूर.

तिथली व्यवस्था अशी. गाडी पट्ट्यावरून बोगद्यात जाते, पाण्याच्या आणि साबणाच्या माऱ्यातून बाहेर येते, आणि मग चार-पाच माणसे टॉवेल घेऊन तिच्यावर तुटून पडतात. कोणी काचा पुसतो, कोणी चाकांवर रसायन मारतो, कोणी आतला कचरा ओढून घेतो. ही माणसे प्रामुख्याने मेक्सिको, ग्वातेमाला, एल साल्वादोर या देशांतून आलेली. गाडीचा मालक सावलीत बसून हे सगळे पाहत असतो; आपली गाडी नीट पुसली जाते की नाही हे पाहणे हाच तर त्याचा तेवढ्या वेळचा उद्योग. या दृश्यात अदृश्य काय आहे?

दिसत नाही ती एकच गोष्ट : बाटलीत काय आहे ते. चाकांची चमक आणि ट्रकच्या अॅल्युमिनियमवरची झळाळी आणणाऱ्या काही द्रावणांत हायड्रोफ्लुओरिक आम्ल असते. या आम्लाचा स्वभाव कपटी आहे. द्रावण सौम्य असले तर त्वचेवर पडताक्षणी फारसे जाणवतही नाही. वेदना काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी सुरू होते. तोवर फ्लोराइड आत उतरून शरीरातले कॅल्शियम बांधून टाकू लागलेले असते. ऊती मरतात, हाडाला इजा पोचते. मात्रा जास्त असेल तर हृदयाची लय बिघडून माणूस दगावतो. नुसत्या पाण्याने धुऊन भागत नाही. कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम हाताशी असावे लागते. वॉशिंग्टन राज्याच्या कामगार खात्याच्या संशोधकांनी २००१ ते २०१३ या काळात वाहने धुताना अशा द्रावणांनी भाजल्याच्या ४८ घटना शोधून काढल्या. नोंद झालेल्या तेवढ्या. आदल्या दिवशीच्या कामामुळे आज बोटे जळताहेत, हे ज्याच्या लक्षातच येत नाही किंवा लक्षात येऊनही जो दवाखान्यात जाऊ धजत नाही, त्याची नोंद कोण करणार?

याशिवायचे धोके नेहमीचे आहेत. दिवसभर ओले बूट आणि त्यातून येणारी त्वचेची दुखणी; निसरडी जमीन; वाळवणाऱ्या पंख्यांचा कानठळ्या बसवणारा आवाज; फिरता पट्टा; आणि ऊन. उन्हाचे उदाहरण बोलके आहे. उष्णतेपासून उघड्यावरच्या कामगारांचे रक्षण करणारा नियम करणारे कॅलिफोर्निया हे अमेरिकेतले पहिले राज्य; वर्ष २००५. माणशी ताशी सुमारे एक लिटर पिण्याचे पाणी, सावली, विश्रांती. २०१५ पासून पारा ८० अंश फॅरनहाइटच्या (सुमारे २७ अंश सेल्सियस) वर गेला की सावली उभारलेली असणे बंधनकारक आहे. नियम उत्तम आहे. परंतु सावलीत बसायचे तर गाड्यांची रांग थांबवावी लागते, आणि रांग थांबवणाऱ्याला उद्या कामावर बोलावतील याची हमी कोणताही नियम देत नाही.

इथे आरोग्याचा प्रश्न मजुरीच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही. लॉस एंजेलिसच्या कार वॉशवर ‘प्रोपिनेरो’ असा एक स्पॅनिश शब्द रूढ आहे. ‘प्रोपिना’ म्हणजे बक्षिशी. मालकाकडून एक पैसाही न घेता केवळ बक्षिशीवर राबणारा तो प्रोपिनेरो. ज्याला पगारच नाही तो हातमोजे कोणाकडे मागणार? शिवाय डोक्यावर कागदपत्रांची टांगती तलवार. २००२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘हॉफमन प्लास्टिक’ खटल्यात निर्णय दिला, की बेकायदा काढून टाकलेल्या कामगाराकडे काम करण्याची परवानगी नसेल तर त्याला बुडालेल्या पगाराची भरपाई मिळणार नाही. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने कायदा करून सांगितले, की राज्याचे कामगार कायदे सर्वांना लागू आहेत, मग कामगाराचा स्थलांतराचा दर्जा काहीही असो. कागदावर हक्क आहे. तो मागायला लागणारे बळ कागदावर मिळत नाही.

ते बळ कसे तयार होते हेही तिथेच पाहायला मिळते, आणि आपल्या चर्चांतून नेमके हेच गळते. २००३ च्या कायद्याने कॅलिफोर्नियात प्रत्येक कार वॉशला नोंदणी सक्तीची झाली आणि बुडवलेल्या मजुरीच्या भरपाईसाठी मालकाला हमीपत्र द्यावे लागले. एक दुकान बंद करून दुसऱ्या नावाने उघडायचे आणि जुन्या मजुरांचे पैसे बुडवायचे, ही युक्ती रोखण्यासाठी नव्या मालकावर जुन्या मजुरीची जबाबदारी टाकली गेली. २०१३ साली हमीची रक्कम १५,००० डॉलरवरून १,५०,००० डॉलर झाली, आणि संघटनेशी करार केलेल्या मालकांना तिच्यातून सूट मिळाली. कायद्याने संघटनेला असा टेकू दिला. २००८ पासून ‘क्लीन’ ही मोहीम पोलाद कामगारांच्या संघटनेच्या साथीने काम करत होतीच; २०११ साली सांता मोनिकातल्या एका कार वॉशवर पहिला करार झाला. पुढे न्यू यॉर्कमध्येही असेच करार होऊ लागले. ही सगळी प्रक्रिया रटाळ आहे. तिच्यात नाट्य नाही, प्रतिमा नाहीत. हमीपत्रे, तपासण्या आणि बैठका आहेत. म्हणूनच ‘अदृश्य’ म्हणणाऱ्यांना ती दिसत नाही.

या विषयावर तीन आक्षेप हमखास ऐकू येतात. पहिला : सुरक्षेचा खर्च वाढला की धुण्याचा दर वाढेल. वाढेल. हातमोजे, सौम्य रसायन, स्पॅनिशमध्ये छापलेली सूचना आणि मलमाची नळी यांचा खर्च आज मजूर आपल्या कातडीने भरतो आहे. तो गाडीच्या मालकाने भरावा एवढाच प्रश्न आहे. दुसरा आक्षेप : ते स्वखुशीने आले आहेत. समजा, आले. कामाला होकार देणे म्हणजे न सांगितलेल्या विषाला होकार देणे कसे? तिसरा आक्षेप आपल्या घरातला : हा विषय अर्थशास्त्राचा, साहित्याचा नव्हे.

या तिसऱ्या आक्षेपाला साहित्याच्या इतिहासातूनच उत्तर देतो. अप्टन सिंक्लेअर यांची ‘द जंगल’ ही कादंबरी १९०६ साली पुस्तकरूपाने आली. शिकागोच्या कत्तलखान्यांत राबणाऱ्या लिथुआनियन स्थलांतरिताची ती कहाणी. वाचक हादरले, पण हादरले ते आपल्या ताटातल्या मांसाच्या कल्पनेने. त्याच वर्षी मांसतपासणीचा आणि अन्न-औषधांच्या शुद्धतेचा असे दोन कायदे झाले. मजुरांची स्थिती मात्र होती तशीच राहिली, आणि याची खंत खुद्द सिंक्लेअर यांनी बोलून दाखवली. दोष कादंबरीचा नव्हता, वाचण्याच्या सवयीचा होता. तीच सवय आजही आहे. कार वॉशच्या पाण्याविषयी कॅलिफोर्निया विलक्षण जागरूक आहे : २०१४ नंतर उभारलेल्या यांत्रिक कार वॉशना किमान ६० टक्के पाणी पुनर्वापराचे वापरावे लागते. हे योग्यच आहे. पाण्याचा प्रवास शेवटच्या थेंबापर्यंत मोजणाऱ्या समाजाला त्याच पाण्यात उभ्या असलेल्या पायांचा हिशेब ठेवता येऊ नये, हे मात्र चमत्कारिक आहे.

‘अदृश्य’ या शब्दाचा फोलपणा २०२५ साली पुरता उघडा पडला. त्या वर्षीच्या जूनपासून लॉस एंजेलिसच्या कार वॉशवर स्थलांतर खात्याचे छापे पडू लागले. शोधायला फार कष्ट पडले नाहीत. माणसे रस्त्याकडेलाच उभी होती. जुलैमध्ये तिथल्या फेडरल न्यायालयाने आदेश दिला, की वंश, भाषा किंवा उच्चार, कार वॉश वा बसथांब्यासारखे ठिकाण आणि कामाचा प्रकार एवढ्याच गोष्टींच्या आधारे कोणाला अडवता येणार नाही. ८ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. सत्तेला हा मजूर दिसतो, ग्राहकालाही दिसतो. दिसत नाही असे म्हणणारे केवळ आपण, साहित्याचे लोक. आणि ज्याला तक्रार नोंदवायला गेल्यास हद्दपारीची भीती आहे त्याच्यासाठी सुरक्षेचा प्रत्येक नियम निरर्थक ठरतो. म्हणून कामगार तपासणी आणि स्थलांतराची कारवाई यांच्यामध्ये भक्कम भिंत हवी, ही आरोग्याचीच मागणी आहे.

मराठी वाचकाचा याच्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. कॅलिफोर्नियात मराठी माणसांची मोठी वस्ती आहे. तिथून कथा येतात, प्रवासवर्णने येतात. त्यांत स्वच्छ रस्ते आणि चकचकीत गाड्या हटकून असतात. ती चकाकी कोणाच्या हातची, हा प्रश्न या लेखनाला क्वचितच पडतो. ज्या भाषेत नारायण सुर्वे यांचे ‘माझे विद्यापीठ’ १९६६ साली आले, ज्या भाषेत अनिल अवचटांनी निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रियांच्या फुप्फुसांत काय जाते ते नोंदवले, त्या भाषेला हा प्रश्न परका असू नये. सुर्वे आपण वर्गात शिकवतो. ‘श्रमप्रतिष्ठा’ असा शब्द फळ्यावर लिहितो आणि विद्यार्थी तो उतरवून घेतात. घामाच्या गौरवाने त्वचेची जखम भरत नाही, हे मात्र सांगायचे राहून जाते.

तेव्हा माझी सूचना साधी आहे. ‘अदृश्य श्रमिक’ हे शब्द ज्या लघुप्रबंधात येतील तिथे मार्गदर्शकाने समासात तीन प्रश्न लिहावेत : हा माणूस नेमके काय हाताळतो, त्याला मजुरी कोण देतो, आणि इजा झाल्यास तो कोणाकडे जाऊ शकतो? उत्तरे मिळाली तर तो शब्द खोडावा लागेल. आणि अमेरिकेतल्या आपल्या लेखक मित्रांनी पुढच्या वेळी गाडी धुवायला नेली, की पुसणाऱ्याच्या हातात मोजे आहेत का हे पाहावे, नसतील तर मालकाला विचारावे. कथेचे पुढे पाहता येईल.